अमेरिकेचा इतिहास पुन्हां वाचतांना

"अमेरिकेचा शोध कोणीं लावला?" हा प्रश्न मीं ३४ वर्षें वर्गांत विचारला, आणि "कोलंबसानें, इ. स. १४९२ मध्यें" हें उत्तर तितकींच वर्षें ऐकून घेतलें. परीक्षेंत त्याला एक गुण असे. नोकरीच्या आरंभींच्या काळांत एकदां तिसऱ्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तो उतरला तेव्हां किनाऱ्यावर माणसें होतीं, असें तुम्हीच आतां सांगितलेंत. मग शोध त्यानें कसा लावला?" वर्ग हंसला. मला तो उद्धटपणा वाटला. मीं त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें आणि पुढच्या धड्याकडे वळलों. मुलगा गरिबाचा होता; बाप दुसऱ्याच्या शेतावर राबे, आणि त्या घरांतून शाळेची पायरी चढलेला तो पहिलाच. त्यानें पुन्हां वर्गांत कधीं प्रश्न विचारला नाहीं, हें मात्र मला पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत आलें.

माझी नात अमेरिकेंतील शाळेंत शिकते. चार वर्षांपूर्वीं ती उन्हाळ्याच्या सुटींत येथें आली, तेव्हां तिच्या सामानांत तेथील इतिहासाचें एक जाड पुस्तक होतें. दुपारीं वेळ जावा म्हणून तें चाळण्यास घेतलें, तों कोलंबस कोठें दिसेना. बरींच पानें उलटल्यावर तो भेटला. त्याच्या आधींच्या पानांत शहरें होतीं, कालवे होते, राज्यसंघ होते. नात परत गेली, पुस्तक माझ्यापाशीं राहिलें. त्यावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें, असें करीत मूलनिवासी समाजांपासून १८६१-६५ च्या यादवीपर्यंतचा काळ मीं हळूहळू वाचून काढला. इंग्रजी बेताचेंच असल्यामुळें शब्दकोश उशाशीं असतो. भिंतीवर एक मोठा नकाशा लावला आहे. कारण नद्या आणि पर्वत डोळ्यांपुढें नसतील तर या इतिहासांतील अर्धीं कारणें कळतच नाहींत. या वाचनांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम काळाचें मान ध्यानांत घ्यावें. न्यू मेक्सिको राज्यांत व्हाइट सँड्स नांवाच्या ठिकाणीं एका आटलेल्या सरोवराच्या काठीं माणसांच्या पावलांचे ठसे सांपडले आहेत. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें ते २१ ते २३ हजार वर्षांपूर्वींचे ठरतात. म्हणजे कोलंबसानें किनारा पाहिला तेव्हां त्या भूमीवर माणसाचा वास होऊन निदान दोनशें शतकें लोटलीं होतीं. आम्ही ज्यास "नवें जग" म्हणत आलों, तें युरोपियनांच्या नकाशावर तेवढें नवें होतें.

या दीर्घ काळांत तेथें एकच एक समाज नव्हता. शेंकडों भाषा होत्या, आणि मराठी व तामिळ यांत जेवढें अंतर आहे त्याहून अधिक अंतर त्यांतील कित्येकींत होतें. अॅरिझोनाच्या वाळवंटांत होहोकम लोकांनीं शेंकडों मैल कालवे खणून मका आणि कापूस पिकविला. मिसिसिपी नदीच्या कांठीं, आजच्या सेंट लुईस शहरासमोर, काहोकिया नांवाचें नगर होतें. इ. स. १०५० ते १२०० या सुमारास तेथें दहा ते वीस हजार वस्ती असावी असा विद्वानांचा अंदाज आहे. तेथील मुख्य मातीचा चौथरा आजही उभा आहे. उंची सुमारें १०० फूट, आणि पाया सुमारें १४ एकरांचा. चाकाची गाडी नाहीं, ओझ्याचें जनावर नाहीं. टोपलीटोपलीनें माती वाहून माणसांनीं तो रचला. हें नगर १४ व्या शतकांत ओस पडलें. आमच्या पाठ्यपुस्तकांत या लोकांचें वर्णन एका वाक्यांत संपत असे: "तेथें तांबडे इंडियन नांवाचे रानटी लोक राहत." त्या वाक्यांतील "इंडियन" हा शब्द तर कोलंबसाच्या चुकीचें स्मारक आहे, आपण हिंदुस्थानापाशीं आलों अशा समजुतीनें त्यानें तें नांव ठेवलें, आणि आमचेंच नांव परक्या लोकांस लावून आम्हीच तें मुलांकडून पाठ करून घेतलें.

न्यूयॉर्क प्रांताच्या प्रदेशांत मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा आणि सेनेका या पांच राष्ट्रांचा एक संघ होता. पुढें १७२२ च्या सुमारास टस्करोरा हें सहावें त्यांत आलें. ते स्वतःस होडेनोशोनी म्हणवितात, फ्रेंचांनीं दिलेलें नांव इरोक्वाय. या संघांत कुळ आईकडून चाले. लांबट घरें स्त्रियांच्या मालकीचीं असत. सभेंत पुरुष बसत हें खरें; परंतु त्यांस निवडणें आणि अयोग्य ठरल्यास पदावरून काढणें हा अधिकार कुळांतील वृद्ध स्त्रियांचा होता. हें मीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां सौभाग्यवतींनीं पुस्तक बंद करूं दिलें नाहीं. तेवढें प्रकरण पुन्हां वाचावें लागलें.

येथें एक विषयांतर करतों. त्या खंडांतील शेतकऱ्यांनीं हजारों वर्षें निवडून निवडून जीं पिकें सिद्ध केलीं, त्यांचें ऋण आपल्या स्वयंपाकघरावर फार मोठें आहे. एकादशीचा फराळ घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेंतला, शेंगदाणा तेथला, बटाटा पेरूच्या डोंगरांतला, रताळें तिकडचें, आणि मिरचीही तिकडचीच. हीं सर्व पोर्तुगीजांच्या जहाजांतून व त्यांच्या पाठोपाठ इकडे आलीं. गहूं, तांदूळ हें आपलें जुनें अन्न उपासाला वर्ज्य, आणि अमेरिकेंतील मूलनिवासींचें अन्न मात्र चालतें! धर्मशास्त्रकारांना याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. असो.

कोलंबसानंतर जें घडलें त्यांत तलवारीपेक्षां रोगानें अधिक माणसें मारिलीं. देवी, गोवर इत्यादि रोग त्या खंडांत पूर्वीं नव्हते. त्याची एक गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर पॅटक्सेट नांवाचें गांव होतें. तेथील टिस्क्वांटम नांवाच्या तरुणास १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें फसवून जहाजावर घेतलें आणि स्पेनमध्यें विकण्यास नेलें. तेथून तो कसाबसा लंडनला पोंचला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ सालीं परत आपल्या किनाऱ्यावर उतरला. गांवांत कोणीच नव्हतें. मधल्या काळांत सांथीनें सारें गांव मेलें होतें. पुढच्याच वर्षीं, १६२० च्या हिंवाळ्यांत, इंग्लंडांतून आलेल्या यात्रेकरूंनीं त्याच ओसाड गांवाच्या जागीं आपली प्लिमथ वसाहत वसविली. आणि त्यांना मका कसा पेरावा हें शिकविलें तें याच टिस्क्वांटमनें. शाळेंत आम्ही यात्रेकरूंच्या धैर्याचा धडा शिकवीत असूं. तयार शेतें त्यांना आयतीं कां मिळालीं, हें पुस्तकांतही नव्हतें आणि आमच्याही मनांत आलें नाहीं.

व्हर्जिनियांत इंग्रजांची वसाहत १६०७ सालींच झाली होती. तेथें १६१९ सालच्या जुलैअखेर लोकांनीं निवडलेली पहिली प्रतिनिधिसभा भरली, आणि पुढच्याच महिन्यांत त्याच किनाऱ्यावर एक जहाज वीस-पंचवीस आफ्रिकन बंदिवान विकावयास घेऊन आलें. अमेरिकेच्या इतिहासाचे हे दोन धागे एकाच उन्हाळ्यांत वळले गेले आहेत. आरंभीं त्या लोकांची स्थिति कायद्यांत निश्चित नव्हती. कांहीं मोकळेही झाले. मग १६६२ सालीं व्हर्जिनियाच्या सभेनें एक कायदा केला कीं, मूल गुलाम कीं स्वतंत्र हें आईच्या स्थितीवरून ठरावें. इंग्लंडच्या रीतींत मूल बापाच्या दर्जाचें; येथें मुद्दाम उलट केलें. कारण उघड आहे. गुलाम स्त्रीच्या पोटीं धन्याचें मूल झालें तरी तें धन्याची मालमत्ताच व्हावें. दास्य हें जन्मानें मिळूं लागलें तें या कायद्यापासून. हा मजकूर मीं वाचला त्या दिवशीं पुढें वाचन झालें नाहीं. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची कल्पना मला परकी वाटली नाहीं, हेंच त्याचें कारण.

अटलांटिक समुद्रापलीकडे नेण्यासाठीं चार शतकांत सुमारें सव्वा कोट आफ्रिकन माणसें जहाजांत कोंबलीं गेलीं. त्यांतील १८ लाखांच्या आसपास वाटेंतच मेलीं. बहुतेक ब्राझील आणि वेस्ट इंडीज बेटांत गेलीं. उत्तर अमेरिकेंत प्रत्यक्ष उतरविलेलीं चार लाखांहून थोडीं कमीच. तरी १८६० च्या खानेसुमारींत तेथील गुलामांची संख्या साडेएकोणचाळीस लाख भरली. ही वाढ जन्मानें झाली, आणि १६६२ च्या त्या कायद्याचा अर्थ या आंकड्यांत दिसतो.

स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवीत नाहीं. हिंदुस्थानाशीं तिचे दोन धागे जुळतात ते मात्र सांगतों. १७७३ सालीं डिसेंबरांत बॉस्टन बंदरांत ३४२ पेट्या चहा समुद्रांत फेंकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा. १७७० च्या भयंकर दुष्काळानें बंगाल उद्ध्वस्त झाला होता आणि कंपनी कर्जांत बुडाली होती. तिला सांवरण्यासाठींच पार्लमेंटनें तो चहाचा कायदा केला होता. दुसरें, १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें वॉशिंग्टनपुढें ज्याच्या सैन्यानें शस्त्रें ठेविलीं, तोच लॉर्ड कॉर्नवॉलिस पांच वर्षांनीं इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. श्रीरंगपट्टणच्या स्वारींत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या साह्याला होत्या. तिकडे हरलेला सेनापति इकडे जिंकला, आणि १८०५ मध्यें गाझीपूर येथें वारला. त्याची कबर तेथें आहे.

४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यानें सर्व माणसें समान असल्याचें जगाला सांगितलें. तो लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकींत त्याच्या हयातींत सहाशेंहून अधिक गुलाम होते. त्याच जाहीरनाम्यांत राजावरील आरोपांच्या यादींत मूलनिवासींचा उल्लेख निर्दय रानटी म्हणून आला आहे. १७८७ च्या राज्यघटनेंत "गुलाम" हा शब्द नाहीं. लाज वाटली म्हणून असेल. पण वस्तु सर्वत्र आहे: प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांस तीन माणसें धरावींत, पळालेला "इसम" मालकास परत द्यावा, गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करूं नये. पांचांस तीन हा हिशेब ऐकून वाटतें कीं, दक्षिणेकडच्या मालकांनीं गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानलें. वस्तुतः मालकांना तो मोजण्यासाठीं पुरा माणूस हवा होता, म्हणजे लोकसभेंत त्यांच्या जागा वाढल्या असत्या. मत मात्र त्याला एक-पंचमांशही नव्हतें.

आतां ज्या भागानें मला सर्वांत अधिक धरून ठेविलें त्याकडे येतों. मूलनिवासींच्या सर्व राष्ट्रांचा वृत्तांत येथें देणें शक्य नाहीं. स्थालीपुलाकन्यायानें चेरोकी या एका राष्ट्राचें पाहूं. हें राष्ट्र जॉर्जिया, टेनेसी इत्यादि प्रांतांच्या डोंगराळ भागांत होतें. त्यांत सिक्वोया नांवाचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी लिहितां-वाचतां येत नव्हतें. गोरे लोक कागदावर खुणा करतात आणि दूरचा माणूस त्यांतून बोलणें ओळखतो, एवढें त्यानें पाहिलें होतें. आपल्या भाषेलाही असें साधन असावें या ध्यासानें तो सुमारें १८०९ पासून बारा वर्षें झटला. प्रथम त्यानें शब्दाशब्दाला एकेक चिन्ह केलें. हजारों चिन्हें झालीं, लक्षांत राहीनात. तो मार्ग सोडून त्यानें भाषा कान देऊन ऐकली, आणि त्याला कळलें कीं, साऱ्या शब्दांत थोडेच ध्वनिसमूह पुन्हां पुन्हां येतात. त्या प्रत्येकास एक अक्षर देऊन १८२१ च्या सुमारास त्यानें ८६ अक्षरांची माला पुरी केली. पुढें एक गळून ८५ राहिलीं.

लिपीच्या जाणत्यांस यांतील मर्म सहज कळेल. रोमन लिपींत स्वर आणि व्यंजन वेगळे. आपल्या देवनागरींत "क" मध्यें "अ" आहेच, आणि काना-मात्रा लावून का, कि, कु होतात. मूळ आकार कायम राहतो. सिक्वोयाच्या मालेंत "का" आणि "कि" यांच्या आकारांत कांहींच संबंध नाहीं, प्रत्येक अक्षर स्वतंत्र. केवळ "स्" या एका व्यंजनाला त्यानें वेगळें चिन्ह दिलें, कारण चेरोकी भाषेंत तें इतर अक्षरांमागें-पुढें एकटेंच येतें. पाणिनि त्याला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, शाळा त्यानें पाहिली नव्हती. ध्वनींचें हें पृथक्करण त्यानें निव्वळ कानानें केलें. पहिली विद्यार्थिनी त्याची लहान मुलगी. बापलेकींस दूर दूर बसवून, एकाला सांगितलेलें दुसऱ्यास लिहिलेल्यावरून वाचावयास लावून राष्ट्राच्या पंचांनीं परीक्षा घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८२५ सालीं चेरोकी राष्ट्रानें ती लिपि स्वीकारली. थोड्याच वर्षांत झोंपड्याझोंपड्यांतून लोक पत्रें लिहूं लागले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजीं न्यू एकोटा या त्यांच्या राजधानींत चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वृत्तपत्र निघालें, त्याचें नांव "चेरोकी फिनिक्स". त्याआधीं १८२७ सालींच त्यांनीं लेखी राज्यघटना केली होती.

मुलांना आम्ही शिकवितों कीं, विद्या असली म्हणजे माणसाला मान मिळतो. चेरोकींच्या बाबतींत तसें झालें नाहीं. त्यांच्या भूमींत सोनें सांपडलें, आणि ती भूमि कापसाला पाहिजे होती. १८३० सालीं मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा प्रतिनिधिगृहांत १०२ विरुद्ध ९७ मतांनीं संमत झाला. पांच मतांचें अंतर. चेरोकी लढाईस न उठतां न्यायालयांत गेले, आणि १८३२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या भूमीवर चालत नाहींत असा निकाल दिला. खटला ते जिंकले. निकालाची अंमलबजावणी कोणी केली नाहीं. १८३५ च्या डिसेंबरांत अगदीं थोड्या चेरोकींनीं राष्ट्राच्या वतीनें भूमि सोडल्याचा तह करून दिला. सह्या करणाऱ्यांत "फिनिक्स"चा पहिला संपादकही होता. हजारों चेरोकींनीं सही करून विरोधाचा अर्ज वॉशिंग्टनला पाठविला, तो व्यर्थ गेला. १८३८ सालीं सैन्यानें घराघरांतून माणसें काढून तळांवर कोंडलीं, आणि त्या वर्षाच्या हिंवाळ्यांत सुमारें १६ हजारांना शेंकडों मैल पश्चिमेस हांकलण्यांत आलें. वाटेंत आणि तळांवर मिळून सुमारें ४ हजार मेले. त्या वाटेला ते आंसवांची वाट म्हणतात.

इतकें लिहून थांबलों असतों तर चित्र नीट दिसलें असतें, पण पुरें झालें नसतें. १८३५ च्या गणतीप्रमाणें चेरोकी राष्ट्रांत सुमारें १६०० काळे गुलाम होते. श्रीमंत चेरोकींनीं गोऱ्या शेजाऱ्यांकडून शेतीबरोबर हेंही उचललें होतें. आंसवांच्या वाटेनें तेही गुलामही चालत गेले, धन्याचें सामान वाहत. आणि यादवींत दक्षिणेच्या सेनापतींपैकीं सर्वांत शेवटीं, २३ जून १८६५ रोजीं, ज्यानें शस्त्र खालीं ठेविलें तो स्टँड वेटी हा चेरोकीच होता. पीडलेला मनुष्य दुसऱ्यास पीडीत नाहीं, असा कांहीं नियम इतिहासांत आढळला नाहीं.

मूलनिवासींना घालवून मोकळ्या केलेल्या त्या काळ्या भूमींत कापूस आला. १७९३ सालीं एली व्हिटनीनें सरकी काढण्याचें यंत्र केलें होतें. त्यामुळें जो कापूस हातानें सोलणें परवडत नसे तो परवडूं लागला. १८६० च्या सुमारास दक्षिणेंत दरसाल ४० लाखांच्या आसपास गांठी निघत. त्यासाठीं व्हर्जिनियासारख्या जुन्या प्रांतांतून सुमारें दहा लाख गुलाम खोल दक्षिणेकडे नेण्यांत आले. पुष्कळ विकले जाऊन, नवरा एका गांवीं आणि बायको दुसऱ्या गांवीं. यंत्रानें श्रम वांचतात असें विज्ञानाच्या तासाला सांगण्याचा प्रघात आहे. या यंत्रानें सोलणाऱ्याचे श्रम वांचविले आणि वेंचणाऱ्याचे शतपट केले.

या गुलामांना अक्षर शिकविणें हा पुष्कळ दक्षिणी राज्यांत गुन्हा होता. साउथ कॅरोलिनानें १७४० सालींच त्यांना लिहिण्यास शिकविण्यास मनाई केली. नॉर्थ कॅरोलिनाच्या १८३० च्या कायद्यांत गोऱ्या शिक्षकाला दंड वा कैद आणि काळ्या शिक्षकाला फटके सांगितले आहेत. फ्रेडरिक डग्लस हा पुढें मोठा वक्ता आणि लेखक झाला. बालपणीं तो बाल्टिमोर शहरांत एका घरीं गुलाम होता. घरच्या मालकिणीनें त्याला मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. नवऱ्यास कळतांच त्यानें तें बंद पाडलें. वाचूं लागलेला गुलाम गुलाम राहत नाहीं, असें त्याचें म्हणणें. पोरानें तें ऐकलें, आणि त्यास वाट सांपडली. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना घरांतील पावाचा तुकडा द्यावा आणि मोबदल्यांत एकेक शब्द शिकून घ्यावा, असा त्यानें क्रम धरला. १८३८ सालीं तो पळाला, आणि १८४५ सालीं त्यानें आपलें चरित्र स्वतः लिहून छापलें.

मी संस्कृत शिकलों तें जुन्या पद्धतीनें. गौतमधर्मसूत्रांत वेद ऐकणाऱ्या शूद्रास सांगितलेला दंड मीं विद्यार्थिदशेंत वाचला होता; वाचून पान उलटलें होतें. नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा वाचला तेव्हां मात्र पान उलटेना. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि १८७३ सालीं "गुलामगिरी" हें पुस्तक प्रसिद्ध करून तें अमेरिकेंतील सज्जनांस, त्यांनीं काळ्या लोकांच्या दास्यविमोचनासाठीं केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल, अर्पण केलें. या पुस्तकाचें नांव आमच्या घरांत माझ्या लहानपणीं कधीं निघालें नाहीं, आणि निघालें तर रागानेंच. साठी उलटल्यावर तें मीं प्रथम वाचलें. त्यांतील पुराणकथांचा अर्थ मला सर्वत्र पटत नाहीं, अर्पणपत्रिका पटली. पंडिता रमाबाईंचें युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील पुस्तक १८८९ चें. मराठी वाचकानें या विषयाचा आरंभ त्यानेंही करण्यास हरकत नाहीं.

यादवीविषयीं थोडें. आपण "यादवी" हा शब्द सहज वापरतों. तो प्रभासक्षेत्रीं एकमेकांस मारून संपलेल्या यादवांवरून आला. अमेरिकेची यादवी कां झाली याविषयीं पुढें पुष्कळ सारवासारव झाली. राज्यांचे हक्क, जकात, वगैरे. परंतु लिंकन निवडून आल्यावर जीं राज्यें संघांतून फुटलीं, त्यांतील साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सस यांनीं आपलीं कारणें स्वतः छापून ठेविलीं आहेत, आणि त्यांत गुलामगिरीचें रक्षण हें कारण उघड शब्दांत आहे. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफ सुटली; ९ एप्रिल १८६५ ला सेनापति ली शरण आला. मृतांचा जुना आंकडा ६ लाख २० हजार. अलीकडील गणना तो बऱ्याच वर नेतात. उत्तरेच्या सैन्यांत सुमारें १ लाख ८० हजार काळे शिपाई होते, आणि त्यांतील पुष्कळ कालपर्यंत गुलाम होते.

लिंकनविषयीं माझा आदर कमी झालेला नाहीं. पण तो आतां पूर्वींसारखा बिनखोल राहिला नाहीं. १८६२ सालीं मिनेसोटांत उपाशी ठेवलेले डाकोटा लोक उठले. सैनिकी न्यायालयानें ३०३ जणांस देहांत सांगितला. लिंकननें कागद स्वतः पाहून बहुतेकांचे प्राण वांचविले, तरी २६ डिसेंबरला मँकॅटो गांवीं ३८ जणांस एकाच वेळीं फांशी दिलें, तें त्याच्याच सहीनें. त्यानंतर सहा दिवसांनीं, १ जानेवारी १८६३ ला, त्याच हातानें गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली.

या युद्धाचा धक्का आपल्याकडेही पोंचला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा सुमारें चार-पंचमांश कापूस अमेरिकेंतून जाई. दक्षिणेचीं बंदरें अडविलीं जातांच तो थांबला, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीनें पुढें विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. ली शरण आल्याची बातमी मुंबईस पोंचली, भाव कोसळला, आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे धरून पुष्कळ पेढ्या बुडाल्या. तेजीच्या काळांत सांवकारांनीं शेतकऱ्यांना सढळ हातानें दिलेलीं कर्जें पुढें जाचक झालीं. १८७५ च्या सुपें-शिरूरकडील दंग्यांचें एक मूळ तेथें आहे.

१८६५ च्या ६ डिसेंबरला राज्यघटनेंत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें संपली. त्याच्याही आधीं, युद्ध चालू असतांच, साउथ कॅरोलिनाच्या समुद्रबेटांवर १८६२ सालीं मुक्त झालेल्यांसाठीं शाळा निघाल्या. फिलाडेल्फियाहून शार्लट फोर्टन नांवाची तरुण काळी शिक्षिका तेथें शिकविण्यास गेली. तिनें आपला अनुभव १८६४ सालीं एका मासिकांत लिहिला आहे. पुढील पांच-सहा वर्षांत अशा शाळा दक्षिणेंत हजारोंनीं झाल्या. दिवसभर शेतांत राबून रात्रीं माणसें पाटीपुढें बसत. नातू आणि आजा एकाच पुस्तकांतील तोच धडा गिरवीत.

या शाळांच्या हकीकती सध्यां मी वाचीत आहें. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाचें वय आतां पन्नाशीच्या पुढें असेल. त्याच्या वर्गांतील एकाकडून गेल्या महिन्यांत त्याचा पत्ता मिळाला. एस. टी. नें चार तासांचा रस्ता आहे. पाऊस उघडला कीं जाऊन येईन म्हणतों.